7,000 रुपयांत पाच माणसांचं दोन वेळचं जेवण

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तर कळेल. घरात पाच माणसं: तुम्ही दोघं, आठ आणि बारा वर्षांची मुलं, आणि दात पडलेल्या सासूबाई, त्यांना साखरेचं पथ्य. मिस्टरांचा ओव्हरटाइम बंद झाल्यापासून गॅस सोडून स्वयंपाकघराला महिन्याला 7,000 रुपये उरतात आणि ते 20 तारखेलाच संपतात. रोज वरण-भात केला की मुलं तोंड वाकडं करतात, भाज्यांना हात लावायची सोय नाही, आणि महिनाअखेरीस नणंद माहेरपणाला येणार आहे.

मी सोलापुरात 22 वर्षं खानावळ आणि डबे चालवले. 6 डब्यांपासून सुरुवात केली, पुढे 70 झाले. डब्याचा दर वर्षातून एकदाच वाढवता यायचा आणि डाळ-तेलाचे भाव मात्र दर महिन्याला वेगळे. त्यामुळे तुमची ओढाताण मला परकी नाही. 7,000 म्हणजे दिवसाला 233 रुपये, माणशी 46. यात पोटभर आणि चांगलं जेवता येतं. पक्वान्नं नाहीत, पण कुणी अर्धपोटी उठणार नाही.

तुम्ही लिहिलेला हिशेब मी दोनदा वाचला. किराण्याची यादी तशी नेमकीच आहे, तिच्यात फार काही कापण्यासारखं नाही. पण खाली तुम्ही सहज लिहिलंय: मुलांना संध्याकाळी 10-10 रुपयांची वेफर्सची पाकिटं, आठवड्यातून दोनदा सगळ्यांना वडापाव, "काही सुचलं नाही" म्हणून आणलेली पावाची लादी. पाकिटांचेच महिन्याला 600 होतात. 20 रुपयांचा वडापाव पाच जणांना, महिन्यात आठ वेळा, म्हणजे 800. पाव धरला तर 1,600-1,700 रुपये इथेच गेले. आणि हे सगळे पैसे संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास जातात, हे लक्षात घ्या. त्या वेळी तुम्ही दमून आलेल्या असता, मुलं भुकेली असतात आणि घरात काहीही भिजलेलं नसतं. खानावळीत माझं पहिलं वर्ष असंच तोट्यात गेलं. सकाळी उठून "आज काय करायचं" असा विचार करायचा आणि मग मिळेल ती भाजी मिळेल त्या भावाला आणायची. दुसऱ्या वर्षापासून रात्री भांडी झाली की उद्याचं कडधान्य भिजत घातल्याशिवाय दिवा मालवायचा नाही, असं ठरवलं. हिशेब तिथून बसायला लागला. तुम्हाला माझं खरं सांगणं एवढंच आहे, बाकीचं सगळं त्याच्या मागोमाग येतं.

आता काय भिजवायचं ते. माणशी रोज 40 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य धरा. पाच माणसांना दिवसाला 200 ग्रॅम, महिन्याला 6 किलो. सगळे जण सवयीने तूरडाळच आणतात आणि ती महाग झाली की आमटी पातळ करतात. तसं करू नका. तूरडाळ दीड किलोच आणा. मूगडाळ 1 किलो, मसूर 1 किलो, हरभरा डाळ 1 किलो, मटकी पाऊण किलो आणि हुलगे म्हणजे कुळीथ पाऊण किलो. झाले 6 किलो. पुढच्या महिन्यात मटकीच्या जागी चवळी, हुलग्यांच्या जागी वाटाणे किंवा हरभरे. शिवाय शेंगदाणे दीड किलो, ते मात्र कमी करू नका. आपल्याकडे कूट नसेल तर भाजीला चवही नाही आणि अंगही नाही.

मटकीचं नीट सांगते, कारण कडधान्याला मोड येत नाहीत, वास येतो, ही तक्रार मी कायम ऐकते. पावशेर मटकी सकाळी तीन पाण्यांनी धुऊन भरपूर पाण्यात घाला. संध्याकाळी पाणी पूर्ण निथळू द्या. इथेच घाई होते. चाळणीत अर्धा तास ठेवा, तळाशी पाणी राहिलं की मटकी चिकट होते आणि आंबूस वास येतो. मग सुती फडक्यात सैल बांधा. घट्ट गाठोडं केलं तर मधल्या दाण्यांना वारा लागत नाही. उन्हाळ्यात सोलापुरात एका रात्रीत बोटाच्या पेराएवढे मोड येतात. थंडीत गाठोडं कुकरमध्ये ठेवून झाकण लावा आणि एक दिवस जास्त द्या. पावसाळ्यात मधे एकदा धुवून परत निथळा. पावशेर मटकीची मोड आल्यावर पाऊण किलोच्या आसपास भाजी होते. एवढ्या भाजीला बाजारात किती पैसे पडतात, ते तुम्हीच लावून बघा. रात्री उसळ-भाकरी, आणि उरलेली उसळ सकाळी तांदळात घालून मटकीभात. मुलांच्या डब्याला तोच.

डाळ शिजवताना एक चूक मी स्वतः बरेच महिने केली आहे. वेळ वाचावा म्हणून डाळीबरोबरच टोमॅटो आणि चिंच कुकरमध्ये घालायचे. डाळ पाच शिट्ट्यांनंतरही दातात यायची, मी दुकानदाराला बोल लावायची की जुनी डाळ दिली. आंबट आधी पडलं की डाळीचा दाणा फुटत नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो, काय असेल ते डाळ घोटून झाल्यावर. मसूर आणि मूग लवकर शिजतात, पण तूर आणि हरभरा डाळ अर्धा-एक तास आधी भिजवा, गॅसमध्ये फरक पडतो. आणि डाळ एकाच वेळी दोन जेवणांची शिजवून ठेवा. सकाळी साधं वरण, रात्री त्यालाच लसूण-मिरचीची फोडणी आणि काळा मसाला. चव बदलली की मुलांना तीच डाळ परत आली असं वाटत नाही.

भाजीबद्दल तुमची समजूत थोडी बदलायला हवी. भाजी म्हणजे पावशेर गवार किंवा फ्लॉवर चिरून परतायचा, असं धरलं तर पाच माणसांना अर्धा किलो लागतो आणि तो महागच पडणार. आमच्या भागात भाजीत डाळ घालतात, ते गरिबीतूनच आलेलं शहाणपण आहे. दुधीत हरभरा डाळ, कोबीत हरभरा डाळ, मेथीत मूगडाळ किंवा तूरडाळ, शेपूत मूगडाळ. मेथीची एक पेंडी नुसती परतली तर दोन माणसांनाही पुरत नाही, तीच अर्धी वाटी भिजवलेली मूगडाळ घालून केली तर पाच जणांच्या पानात वाढता येते.

यातली माझी सगळ्यात लाडकी अंबाडी. आठवडी बाजारात दिवस कलला की पालेभाजीवाल्या मावशी पेंड्या कमी भावात देऊन मोकळ्या होतात. त्या वेळी जा. अंबाडीची पानं वेगळी शिजवून पिळून घ्या, पहिलं आंबट पाणी टाकून द्या. तूरडाळ मूठभर, शेंगदाणे मूठभर आणि ज्वारीच्या कण्या, म्हणजे भरडलेली ज्वारी, दोन मुठी हे सगळं दुसऱ्या भांड्यात मऊ शिजवा. एकत्र शिजवू नका, कारण मघाशी सांगितलं तेच, आंबटामुळे डाळ शिजणार नाही. मग दोन्ही एकत्र घोटा, थोडं पीठ लावा, गूळ चिमूटभर, आणि वरून लसणाची खमंग फोडणी. कण्यांमुळे भाजी दुपटीने वाढते. भाकरीशी एवढं चवीचं दुसरं कोरड्यास, म्हणजे तोंडीलावणं, नाही. चाकवत-पालकाचा गरगट्टा, म्हणजे घोटलेली पातळ भाजी, तीही याच रीतीने.

चिरताना जे फेकता त्याकडेही बघा. दोडक्याच्या शिरा आणि दुधीची साल तीळ घालून परतली की चटणी होते. मुळ्याच्या पाल्याची डाळ घालून भाजी. फ्लॉवरचे कोवळे दांडे रश्श्यात. शेवग्याचा पाला तुमच्या गल्लीत कुणाच्या दारात असेल तर मागून आणा, कुणी नाही म्हणत नाही.

आता मुलांच्या तोंड वाकडं करण्याबद्दल. दोन मुलांना स्वयंपाकात घ्यायचं असेल तर शेंगोळी करा. हुलगे निवडताना डोळ्यात तेल घाला, त्यात त्याच रंगाचे बारीक खडे असतात. निवडून हलके भाजा आणि गिरणीवरून दळून आणा. दोन वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं, लसूण-जिरं-मिरची वाटून, मीठ, हळद, चमचाभर तेल. घट्ट मळा. सैल झालं तर आमटीत विरघळतं. दहा मिनिटं झाकून ठेवा आणि मुलांना पाटावर बसवा. करंगळीएवढी वळी करायची, दोन टोकं जोडून कडं करायचं. माझी नात सहा वर्षांची असल्यापासून वळते. कुणाचं मोठं, कुणाचं वाकडं, पण स्वतः वळलेलं स्वतःच शोधून खातात. पातेल्यात दोन चमचे तेलात जिरं आणि भरपूर ठेचलेला लसूण, हळद, तिखट, मग सात-आठ वाट्या पाणी. पाणी खळखळा उकळलं पाहिजे, त्याशिवाय शेंगोळी सोडायची नाहीत, नाहीतर तळाला बसून मोडतात. एकेक करून सोडा, पाच मिनिटं डाव घालू नका. वीस मिनिटांत शिजतात. एक मोडून बघा, मधे कच्चा पांढरा ठिपका दिसला तर अजून थोडा वेळ द्या. पिठाने पाणी आपोआप दाट होतं. भांडंभर जेवण, वेगळी भाजी नको, पोळी नको. सासूबाईंना शेंगोळी चावणार नाहीत, त्यांना त्यातली दाट आमटी भातात कालवून द्या. वरणफळंही याच जातीची: उरलेलं वरण पातळ करून त्यात कणकेचे तुकडे सोडायचे.

ज्या संध्याकाळी खरोखरच काही भिजलेलं नसेल, त्या संध्याकाळी पिठलं. वाटी-सव्वा वाटी बेसन, चार वाट्या पाणी, कांदा, लसूण, मिरची. बेसन आधी थंड पाण्यात कालवून मग फोडणीच्या उकळत्या पाण्यात ओता, म्हणजे गाठी होत नाहीत. पंधरा मिनिटांत पाच माणसांचं काम होतं, वडापाव आणायला जाऊन यायला तेवढाच वेळ लागतो. बेसन तयार न आणता हरभरा डाळ गिरणीवरून दळा.

संध्याकाळच्या पाकिटांच्या जागी काय, हे लगेच ठरवा, नाहीतर 600 रुपये वाचणार नाहीत. रविवारी भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे एका डब्यात भरून ठेवा, दुसऱ्या डब्यात चुरमुऱ्यांचा चिवडा. शाळेतून आल्यावर उरलेल्या पोळीचा कुस्करा, किंवा धपाटं. धपाट्याला ज्वारीचं पीठ, त्यात बेसन आणि थोडी कणीक, मेथी असेल तर मेथी, नाहीतर कांदा. दह्याबरोबर किंवा शेंगांच्या चटणीबरोबर मुलं आवडीने खातात. शेंगांची चटणी आमच्या गावाची: शेंगदाणे मंद आचेवर भाजून साल काढायची आणि लसूण, तिखट, मीठ, जिरं घालून कुटायची. मिक्सरमध्ये केलीत तर थांबत-थांबत फिरवा, तेल सुटून गोळा व्हायला लागला की थांबा. पावशेर शेंगदाण्यांची आठवडाभर पुरते.

तेल 3 लिटर. दिवसाला 100 मिली येतं, माणशी 20, तेवढं भरपूर आहे. पिशवीतून थेट कढईत ओतलं की अंदाज राहत नाही. रविवारी 700 मिली एका बाटलीत भरा, ती पुढच्या रविवारपर्यंत पुरवायची. बुधवारीच अर्धी संपलेली दिसली की हात आपोआप आखडतो. तळण पंधरा दिवसांतून एकदा.

रेशनचं विचारलं नाहीत, पण मी विचारते: कार्डावर पाचही नावं आहेत का? प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल तर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, अंत्योदयाच्या कार्डावर कुटुंबाला 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. पाच माणसांचं 25 किलो धान्य! धाकट्याचं नाव घालायचं राहून गेलं असेल तर त्याचे 5 किलो दर महिन्याला बुडतात. केशरी कार्ड असेल आणि आता उत्पन्न घटलं असेल तर तहसील कचेरीत चौकशी करा, लाजू नका. रेशनच्या तांदळात मधेमधे थोडे वेगळे दिसणारे दाणे असतील आणि ते धुताना तरंगले तर "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून काढून टाकू नका. त्या दाण्यांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी 12 घातलेलं असतं, साधारण शंभर दाण्यांत एक या हिशेबाने ते मिसळलेले असतात. रेशनचा भात मोकळा होत नाही म्हणून नाराज असाल तर तो तांदूळ खिचडीला, आंबोळीला, इडलीला वापरा, तिथे त्याचं काही अडत नाही.

ज्वारी पूर्वी गरिबाची म्हणायचे, आता ती गव्हापेक्षा महाग झाली आहे, हे मला पटवून घ्यायलाच वेळ लागला. म्हणून दोन्ही वेळ भाकरीचा आग्रह धरू नका. रेशनच्या गव्हाची सकाळी पोळी, रात्री भाकरी. एक किलो कणकेच्या तीसेक पोळ्या होतात. तीन-चार घरांनी मिळून नव्या ज्वारीचं एक पोतं फेब्रुवारी-मार्चमध्ये थेट शेतकऱ्याकडून घेतलं तर दुकानापेक्षा बरं पडतं. बाजरी थंडीत, पण दळण थोडं-थोडं आणा, पीठ लवकर कडू होतं.

धान्य आणि डाळ एकाच ताटात असू द्या. धान्यात जे प्रथिन कमी असतं ते डाळीत असतं, आणि डाळीत जे कमी ते धान्यात. वाढत्या मुलांना हे फार लागतं. अंडी खात असाल तर आठवड्यातून दोनदा पाच-पाच अंडी कांद्याच्या रश्श्यात. सोयाबीनच्या वड्या 100 ग्रॅम घेतल्या तर त्यात 50 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळल्या की त्यांचा वास जातो, मग खिमा करून पोळीत गुंडाळून द्या. पालेभाजीवर आणि उसळीवर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको, तो उलट काम करतो. दूध मुलांचं आणि विरजणाचं आधी बाजूला काढा, मग चहाचं. सगळ्यांचा चहा दिवसातून दोनदा, तिसऱ्या-चौथ्या चहात दूध, साखर, पत्ती तिन्ही जातात.

सासूबाईंना भाकरी चावत नाही म्हणून फक्त भात दिला जातोय, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. त्यांना ज्वारीच्या कण्या मूगडाळीबरोबर मऊ शिजवून द्या, भाताइतक्याच मऊ होतात. कण्या रात्री भिजत घाला. ताकातली ज्वारीची आंबीलही चालेल. डॉक्टरांनी जे प्रमाण सांगितलंय ते तसंच सांभाळा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण मला ती दिसली. सगळ्यांच्या हिशेबात दूध, अंडं, फळ आहे, तुमच्या पुढे काहीच नाही. उरलेलं खाते, असं एका ओळीत आलंय. माझ्या आईने असंच केलं, मीही पस्तिशीपर्यंत केलं, आणि रक्त कमी झालं म्हणून दोन महिने चुलीपुढे उभी राहू शकले नाही. त्या दोन महिन्यांत मदतनीस बाईला जे पैसे द्यावे लागले, त्यात माझं वर्षभराचं दूध आलं असतं. सगळ्यांना वाढायच्या आधी तुमचं एक ताट भरून झाकून ठेवा. उसळ वाटीने मोजून पाच ठिकाणी काढा, कढईत शेवटी काय उरतं त्यावर स्वतःचं जेवण ठेवू नका.

राहिली नणंद. तिला काही पनीर आणि पुऱ्या नकोत, माहेरचं जेवण हवं असतं. एक दिवस पुरण घाला. महिन्याच्या सुरुवातीलाच अर्धा किलो हरभरा डाळ आणि अर्धा किलो गूळ वेगळा काढून ठेवा. डाळ नेहमीपेक्षा दोन-तीन वाट्या जास्त पाणी घालून शिजवा आणि चाळणीवर निथळा. खाली येईल त्या डाळीच्या पाण्यात, म्हणजे येळवण्यातच अर्धी कमाई आहे, ते सांडू नका. पोळ्या अठरा-वीस होतील, सासूबाईंना त्यांच्या पथ्याप्रमाणे चतकोर. येळवण्यात मूठभर शिजलेली डाळ गूळ घालण्याआधीच काढून घोटा, भाजलेलं खोबरं आणि कांदा वाटून घाला, काळा मसाला, चिंच, आणि कढीपत्त्याची फोडणी. मोठं पातेलंभर आमटी होते. ती दुसऱ्या दिवशी जास्त मुरते, म्हणून नणंद निघायच्या आदल्या दिवशी पुरण घाला: तिला निघताना चार पोळ्या बांधून देता येतील, आणि उरलेली आमटी तुम्हाला ती गेल्यावर रात्री भाताबरोबर पुरेल.